व्हर्च्युअल डेस्कटॉप

व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर, एकाच स्क्रीनवर, उघडलेल्या विंडो वेगवेगळ्या गटांत मांडून ठेवायची सोय. एका वेळी एकच गट दिसतो, बाकीचे चालूच असतात पण डोळ्यांसमोर नसतात. मॅकवाले याला स्पेसेस म्हणतात, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी वर्कस्पेस. मराठीत 'आभासी डेस्कटॉप' करतात आणि तिथेच सगळा घोळ होतो, कारण आभासी म्हटलं की माणसाला वाटतं हे काही खरं नव्हे, इथे केलेलं काम सेव्ह तरी होणार की नाही. सरळ खोली म्हणावं, लगेच कळतं.

फोंड्याकडचं एखादं डीटीपीचं दुकान घ्या, जत्रेचे दिवस. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवस्थानचं हँडबिल अर्धं झालंय, त्यात रात्रीच्या नाटकातल्या कलाकारांची नावं टाकायचीयत, ती मंडळाच्या कोणीतरी कागदावर लिहून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीयत, तेवढ्यात एकजण आधार कार्डाची प्रिंट मागत उभा, आणि मधेच टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलपण करायचंय. टास्कबारवर बटणांची रांग, ऑल्ट-टॅब दाबून दाबून बोट दुखायला लागतं. अशा वेळी कोरल आणि नावांचा फोटो एका खोलीत, गिऱ्हाइकांची किरकोळ कामं दुसऱ्या खोलीत, टॅली तिसऱ्या. घर तेच, कोठारपण तेच, म्हणजे मशीन तीच आणि फाइलीही त्याच. फक्त पसारा वाटला गेला.

खोलीची उपमा माझी नाही. अमेरिकेत झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि ऑस्टिन हेंडरसन यांनी १९८६ साली जी सिस्टीम मांडली तिचं नावच 'रूम्स' होतं. छोट्या स्क्रीनवर जास्त विंडो झाल्या की माणसाचा वेळ कामापेक्षा विंडो शोधण्यात, सरकवण्यात जातो, हे त्यांनी पाहिलं आणि एका कामाला लागणाऱ्या विंडो एका खोलीत ठेवल्या. एका खोलीतून दुसरीत जायला दारं होती, बरोबर न्यायच्या विंडोंसाठी सामान होतं, आणि जी वस्तू प्रत्येक खोलीत दिसायला हवी, घड्याळ वगैरे, ती ठेवायला खिसा होता. इतकं घरगुती डोकं नंतरच्या कंपन्यांनी वापरलं नाही हे आपलं दुर्दैव. पुढे युनिक्स-लिनक्सवर ही सोय रुळली, अ‍ॅपलने २००७ मध्ये मॅकच्या लेपर्ड या आवृत्तीबरोबर दिली, आणि विंडोजमध्ये आतूनच मिळायला २०१५ चं विंडोज १० यावं लागलं. म्हणजे सामान्य माणसाच्या मशीनपर्यंत पोचायला २९ वर्षं.

वापरायला सोपं आहे. विंडोजचं बटण आणि कंट्रोल धरून डी दाबलं की नवी खोली, त्याच दोन बटणांबरोबर डावा-उजवा बाण दाबला की इकडून तिकडे. विंडोज-टॅब दाबलं की सगळ्या खोल्या एकदम दिसतात, तिथे माउसने विंडो उचलून दुसरीत टाकता येते, आणि राइट क्लिक करून ती सगळ्या डेस्कटॉपवर दाखवता येते, हाच तो जुना खिसा. मॅकवर कंट्रोल आणि बाण.

घाबरवणारी गोष्ट एकच, चुकून बाण दाबला जातो आणि सगळं गायब! मग 'माझी फाइल उडाली' म्हणून फोन. उडालेलं काही नसतं, तुम्ही शेजारच्या खोलीत उभे आहात. विंडोजमध्ये मूळ सेटिंगला टास्कबारवर आणि ऑल्ट-टॅबमध्ये त्याच खोलीतल्या विंडो दिसतात, म्हणून हा गोंधळ, ते सेटिंगमध्ये बदलता येतं. दुसरं, खोली बंद केली तर आतल्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्या खोलीत जातात. कॉपी केलेलं एका खोलीतून दुसरीत पेस्ट होतं. डेस्कटॉपवरचे आयकॉन विंडोजमध्ये सगळीकडे तेच, त्यामुळे 'ही खोली मुलाची, ही माझी' असं करून काही लपत नाही, त्याला वेगळं युजर अकाउंटच लागतं. आणि रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मशीनची मेमरी, वाचत नाही हो, उलट जागा मिळाली म्हणून माणूस आणखी चार गोष्टी उघडून ठेवतो.

माझ्या मते दोन खोल्यांपासून सुरुवात करावी, तीनच्या वर जाऊ नये. विंडोज ११ मध्ये प्रत्येकीला वेगळा वॉलपेपर लावता येतो, तो जरूर लावा, एकीला मांडवीचा फोटो, दुसरीला देवळाची दीपमाळ, म्हणजे नाव वाचायच्या आधीच आपण कुठे आहोत ते कळतं.

पावसाळ्यात वीज गेली आणि मशीन परत चालू केली तर विंडोजमध्ये खोल्या आणि त्यांची नावं तशीच राहतात, आतल्या विंडो मात्र परत आपणच उघडून जागच्या जागी लावायच्या, आणि हँडबिल सेव्ह केलं नसेल तर नाटकातली नावं पहिल्यापासून टाइप करायची.