गोधडीचा त्रिकोणी काठ: कापडाला कात्री लावण्याआधी

"काठ शिवला, पण मधल्या भागाला बसतच नाही." म्हापशाच्या आमच्या दुकानात ही तक्रार इतक्यांदा आली की हे पत्रक काढावंसं वाटलं. कापडात खोट नसते, हातातही नसते. चुकतं ते अर्धं सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडून केलेल्या दोन इंची दुरंगी चौकोनांचा 60 इंच काठ म्हणजे 30 चौकोन. दर चौकोनामागे अर्धं सूत जास्त शिलाईत गेलं, तर काठ जवळजवळ दोन इंच तोकडा पडतो. म्हणून आधी मशीन तपासा. दीड इंची तीन पट्ट्या दोन सुतांची माया (शिलाईबाहेरची कड) ठेवून जोडा आणि इस्त्री करून मधली मोजा. ती बरोबर एक इंच भरायला हवी. नाही भरली तर सुईपासून दोन सूत मोजून मशीनवर चिकटपट्टी लावा आणि तिच्या कडेने कापड चालवा.

आता मुख्य गोष्ट. त्रिकोण सुटे कापू नका. त्रिकोणाची तिरकी कड उरेबात, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी येते, नुसत्या हाताळण्यानेही ती ताणते आणि मग काठाला लाटा येतात. आजीच्या गोधडीत हे होत नसे, कारण तिचे तुकडे खालच्या कापडावर बसवून धावदोऱ्याने पक्के केलेले असत. आपण तुकड्याला तुकडा जोडतो, तिथे आधार नसतो.

त्यासाठी दोन रंगांचे तीन इंची चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक ठेवा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांवर शिलाई घाला, मग रेघेवर कापा. दोन दुरंगी चौकोन तयार! माया गडद रंगाकडे वळवा. इस्त्री फिरवू नका, उचलून दाबा. चौकोन अडीच इंचांहून सूतभर मोठा येतो. पट्टीची तिरकी रेघ शिलाईवर ठेवून तो नेमका अडीच इंचांवर छाटा, काठात शिवल्यावर दोन इंच उरतो. ही छाटणी कंटाळवाणी आहे, पण काठ वाचतो तो इथेच.

44 बाय 60 इंचांच्या मधल्या भागाला चार कोपरे धरून 108 चौकोन लागतात, म्हणजे 54 जोड्या. 44 इंच पन्ह्यात दर रंगाच्या तीन इंची चार पट्ट्या पुरतात. आम्ही 40 सेंमी देतो, धुतल्यावर आटणार हे धरून. प्रत्येक बाजूच्या मधोमध त्रिकोणांची दिशा उलटवली (15-15, 11-11) की चारही कोपरे सारखे दिसतात.

माप दोनने भागलं जात नसेल तर ओढाताण करू नका. लांबी साडेअठ्ठावन्न भरली, तर मधल्या भागाच्या दोन्ही टोकांना पाऊण इंची साधी पट्टी लावा (कापताना सव्वा इंच), म्हणजे 60 इंच होतात.

कुणबी साडीचं लाल चौकड्यांचं कापड या काठाला फार शोभतं. विणीने ते सैल असल्यामुळे आधी वेगळं धुऊन रंग जातो का पाहा, मग खळ देऊन कापा. गोधडी पुरी झाली की खळ धुऊन काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात खळीवर बुरशी धरते, कसरही लागते.

कापड घ्यायला येताना मधल्या भागाचं माप घेऊन या. ते कडेला नको, कड ताणलेली असते. आतल्या बाजूला तीन ठिकाणी मोजा आणि तिन्ही आकडे लिहून आणा. चौकोनांचा हिशेब आम्ही तुमच्यासमोर मांडून देऊ.