स्ट्रोकची ब्लड टेस्ट अजून का आली नाही

छातीत दुखलं की गल्लीतल्या नर्सिंग होममध्येसुद्धा ट्रॉप-टी, म्हणजे हृदयाला इजा झाली का सांगणारी ट्रोपोनिन प्रोटीनची ब्लड टेस्ट, करून मोकळे होतात, मग पॅरालिसिसचा अटॅक, म्हणजे स्ट्रोक, आला की सीटी निघेपर्यंत सगळे हातावर हात ठेवून का बसतात, असं लोक विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे.

घाई सुरू झाली 1995 मध्ये. अमेरिकेतल्या एनआयएनडीएस ट्रायलमध्ये दिसलं की मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं टीपीए हे इंजेक्शन 3 तासांच्या आत दिलं तर पेशंट सावरायचा चान्स वाढतो, पुढे 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. पण मेंदूत रक्तस्राव असेल आणि हेच इंजेक्शन गेलं तर खेळ खल्लास. वरून गुठळीचा आणि रक्तस्रावाचा स्ट्रोक दोन्ही सारखेच, तोंड वाकडं, हात लुळा. मुंबईत महापालिकेच्या एच वॉर्डात 2005-06 ला सर्व्हे झाला त्यात साधारण 80 टक्के गुठळीचे आणि 18 टक्के रक्तस्रावाचे निघाले, म्हणजे अंदाजपंचे काम करायची सोयच नाही.

आधी सगळे मेंदूचं ट्रोपोनिन, म्हणजे मेंदूला इजा झाली की रक्तात दिसणारं प्रोटीन, शोधत बसले. एस100बी हे मेंदूतलं प्रोटीन 1965 पासून माहीत होतं, पण ते चरबीतही असतं. एनएसई हे दुसरं प्रोटीन रक्ताच्या लाल पेशींतही, त्यामुळे सॅम्पल काढताना पेशी फुटल्या तरी आकडा वर. त्यात मेंदू आणि रक्ताच्या मधली ती आडभिंत, गुठळीच्या स्ट्रोकमध्ये प्रोटीन बाहेर यायलाच कित्येक तास, तोवर औषधाची वेळ टळलेली. चार प्रोटीनं एकत्र मोजायचं पॅनलसुद्धा आलं, टिकलं नाही.

गाडी रुळावर आली ती प्रश्न बदलल्यावर: स्ट्रोक आहे का ते राहू दे, गुठळी की रक्तस्राव एवढंच सांग. इथे जीएफएपी कामाला आलं. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशींतलं हे प्रोटीन लॉरेन्स एंग यांच्या टीमने 1971 मध्ये मांडलं होतं, गंमत म्हणजे पेशंटचा पहिला सीटीही त्याच वर्षी लंडनला निघाला. रक्तस्रावात पेशी धडाधड फुटतात आणि जीएफएपी पहिल्या काही तासांतच चढतं, गुठळीत पेशी सावकाश मरतात म्हणून ते उशिरा. जर्मनीत 2006 मध्ये हे दाखवलं, 2012 मध्ये अनेक हॉस्पिटलांतल्या 200 वर पेशंटमध्ये पुन्हा तपासलं.

2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जीएफएपीची टेस्ट मंजूर केली, पण डोक्याला मार लागलेल्यांसाठी, सीटी लागणार का ते ठरवायला. स्ट्रोकमध्ये अडचण अशी की रक्तस्राव छोटा असेल तर आकडा फारसा हलत नाही, आणि नेमका तोच पेशंट गुठळीचा समजून टीपीए दिलं तर? म्हणून केईएम असो की सायन, आधी सीटीच.