टर्नकी आणि ठोक किंमत: अणुवीज प्रकल्पाच्या करारातली महागडी गल्लत

'नवा अणुवीज प्रकल्प टर्नकी पद्धतीने दिला' अशी बातमी आली, की वाचणारा धरूनच चालतो की किंमत पक्की झाली. आता खर्च वाढला तरी तो कंत्राटदाराच्या डोक्यावर. टर्नकी म्हणजेच ठोक किंमत हा समज इतका रुजलाय, की वीज क्षेत्रात वावरणारी माणसंही दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात. मला ही गल्लत साधी वाटत नाही. तिचे पैसे शेवटी वीजग्राहक नाहीतर करदाता भरतो.

टर्नकी हा कामाच्या वाटणीचा प्रश्न आहे. आराखडा, यंत्रसामग्रीची खरेदी, बांधकाम, चाचण्या हे सगळं एकाच कंत्राटदाराने जुळवायचं आणि मालक कंपनीला चालता प्रकल्प द्यायचा. ठोक किंमत हा पैशांचा प्रश्न आहे: ठरल्यापेक्षा जास्त खर्च झाला तर तो कोणाच्या खिशातून जाणार? त्यामुळे काम टर्नकी असूनही बिलं प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे निघू शकतात. उलट प्रकल्पाची पन्नास सुटी पॅकेजेस, म्हणजे वेगवेगळ्या कंत्राटदारांना द्यायचे कामाचे तुकडे, काढून त्यातलं प्रत्येक ठोक किमतीला देता येतं.

फरक कागदावर नीट कळत नाही, म्हणून अणुभट्टीच्या इमारतीतली एक भिंत घेऊ. मीटरभर जाडीची, आत सळयांचं दाट जाळं. तिच्यातून एक पाइप जाणार आहे, म्हणून काँक्रीट ओतण्याआधी तिथे लोखंडी स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठी वाट ठेवणारी नळी, बसवून ठेवली. काँक्रीट सुकलं आणि नंतर पाइपच्या ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली: पाइप वीस सेंटिमीटर डावीकडे. आता भोक पाडायचं तर सळया तुटणार. एक सळई तोडायची तरी डिझायनरने गणित पुन्हा करायचं, गुणवत्ता विभागाने नोंद घ्यायची आणि भिंत सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची असेल तर प्रकरण नियामकापर्यंत जायचं. तोवर काम थांबलेलं.

सुट्या पॅकेजेसमध्ये सिव्हिलवाला म्हणतो, 'मी मंजूर ड्रॉइंगप्रमाणे ओतलं.' पाइपवाला म्हणतो, 'बदल अणुभट्टीवाल्याकडून आला.' दोघंही खरं बोलत असतात आणि बिल मालकाकडे येतं. प्रत्येक पॅकेजची किंमत ठोक असली तरी त्यांची बेरीज प्रकल्पाची ठोक किंमत होत नाही, ती या फटींमुळे. टर्नकीमध्ये हे भांडण कंत्राटदाराच्या घरातलं होतं, हा तिचा खरा फायदा. पण त्या बदलाचा खर्च कंत्राटदार स्वतः सोसणार की मालकाला लावणार, हे किमतीचं कलम ठरवतं. बदल नियामकाच्या नव्या मागणीमुळे असेल, तर ठोक किमतीच्या करारातही तो बहुतेकदा वेगळा मोजला जातो.

दोन्ही शब्द एकमेकांना चिकटले त्याला इतिहास आहे. 1963 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने अमेरिकेतल्या ऑयस्टर क्रीकचं काम टर्नकी आणि ठोक किमतीला घेतलं. मग वेस्टिंगहाउसही त्या वाटेने गेली. बाजार पकडण्यासाठी घेतलेल्या या कामांत दोघींना मोठा तोटा झाला आणि काही वर्षांतच त्यांनी ही पद्धत सोडली. शब्दांची जोडी मात्र राहिली.

फिनलंडचा ओल्किलुओटो-3 हा अणुभट्टी प्रकल्प प्रत्येक मालक कंपनीने अभ्यासावा असा आहे. मालक कंपनी टीव्हीओने डिसेंबर 2003 मध्ये फ्रान्सची अरेव्हा आणि जर्मनीची सीमेन्स यांच्या गटाशी करार केला: टर्नकी, ठोक किंमत सुमारे 3 अब्ज युरो, वीज 2009 मध्ये. पण सविस्तर आराखडा अपुरा असतानाच बांधकाम सुरू झालं. पायाच्या काँक्रीटचं मिश्रण आणि आतलं पोलादी अस्तर यांवर फिनलंडच्या नियामकाने 2006 मध्ये चौकशी अहवालच काढला. तो अहवाल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात बोट उपकंत्राटदारांपुरतं थांबत नाही. परवाना टीव्हीओच्या नावावर होता. कंत्राट कितीही टर्नकी असो, परवानाधारकाची जबाबदारी कंत्राटदाराला विकता येत नाही. पुढे दोन्ही पक्ष लवादात गेले आणि 2018 मध्ये टीव्हीओला 450 दशलक्ष युरो देण्यावर तडजोड झाली. नियमित वीजनिर्मिती एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. ठोक किमतीने टीव्हीओला खर्चवाढीपासून बऱ्यापैकी वाचवलं, उशिरापासून नाही. तो भार अरेव्हाला पेलला नाही आणि फ्रेंच सरकारला तिची पुनर्रचना करावी लागली.

फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा टर्नकी कामांसाठी नमुना करार आहे, 'सिल्व्हर बुक', 1999 चा. त्याच्या प्रस्तावनेतच सांगितलंय की मालकाला कामावर बारकाईने देखरेख करायची असेल किंवा बहुतेक ड्रॉइंग तपासायची असतील, तर हा नमुना योग्य नाही. अणुवीज प्रकल्पात मालकाला नेमकं तेच करावं लागतं.

ठोक किमतीची ताकद कंत्राटदाराच्या ताळेबंदाइतकीच असते, हे व्होग्टलमध्ये दिसलं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या या प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटांचं काम वेस्टिंगहाउसकडे होतं. 2015 च्या अखेरच्या समझोत्यांनंतर वाढीव खर्चाचा मोठा भार तिच्यावर आला आणि मार्च 2017 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मूळ कंपनी तोशिबाने हमीपोटी 3.68 अब्ज डॉलर देऊन अंग काढून घेतलं. मग मालकांच्या बाजूने सदर्न कंपनीनेच सूत्रं हाती घेतली आणि बेक्टेल या बांधकाम कंपनीला प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे काम दिलं. युनिटं 2023 आणि 2024 मध्ये सुरू झाली. साउथ कॅरोलिनात त्याच रचनेच्या दोन अणुभट्ट्या तर जुलै 2017 मध्ये अर्ध्यावर सोडल्या गेल्या.

सुटी पॅकेजेस बरी, असा निष्कर्ष यातून काढू नका. फ्रान्समधल्या फ्लॅमनव्हिलमध्ये ईडीएफ या वीज कंपनीने ओल्किलुओटोसारखीच, ईपीआर प्रकारची अणुभट्टी स्वतः जुळवणी करत बांधली. 3.3 अब्ज युरोंचा अंदाज 13 अब्जांवर गेला आणि 2007 मध्ये सुरू झालेल्या कामाची वीज डिसेंबर 2024 मध्ये वीजवाहिन्यांच्या जाळ्यात आली.

म्हणून निविदेची बातमी वाचताना मी आधी बघते की सविस्तर आराखडा किती पूर्ण आहे आणि अशी अणुभट्टी आधी कुठे बांधली जातेय का. अमिरातीतल्या बराकाचं काम डिसेंबर 2009 मध्ये दक्षिण कोरियाच्या केपको या वीज कंपनीला मिळालं तेव्हा तशीच अणुभट्टी कोरियात बांधली जात होती, आणि तिथलेच पुरवठादार सोबत आले. उशीर तिथेही झाला, पण चारही युनिटं आज चालू आहेत. मग किमतीचं कलम: महागाईच्या निर्देशांकानुसार किंमत वाढते का, नियामकाने सुचवलेला बदल कोणाच्या खात्यावर, पहिलं इंधन आणि बांधकामकाळातलं व्याज त्या आकड्यात धरलंय की बाहेर. 'टर्नकी' हा शब्द यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.