समुद्रतळावरील खळग्यांची रांग

लोणार विदर्भात असल्यामुळे गोल खड्डा दिसला की तो उल्केनेच पडला असणार, असे आमच्याकडची मुले चटकन सांगतात. समुद्रतळावरील गोल खळग्यांचे चित्र मी गावच्या शाळेत दाखवले, तेव्हाही हेच उत्तर आले. हे खळगे मात्र खालून येणाऱ्या द्रवांमुळे आणि वायूंमुळे पडतात. १९७० मध्ये किंग आणि मॅक्लीन यांनी कॅनडातील नोव्हा स्कोशियाजवळ त्यांचे प्रथम वर्णन केले आणि देवी रोगाच्या व्रणांवरून त्यांना 'पॉकमार्क' हे नाव दिले.

पश्चिम आफ्रिकेपुढील समुद्रात असे खळगे काही ठिकाणी नागमोडी रांगेत आढळतात, कारण त्यांच्या खाली गाडला गेलेला जुना सागरी प्रवाहमार्ग असतो. गाळाने जड झालेले पाणी उतारावरून धावत तळ कोरते, त्या घळीत वाळू साचते आणि पुढे तिच्यावर चिखलाचे थर चढतात.

उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या वाळूत झिरा खणला की हातभर खोलीवर पाणी लागते. तेवढाच खड्डा शेजारच्या काळ्या मातीत खणला, तर ओल दिसते, पण पाणी झिरपत नाही. वाळूची छिद्रे मोठी व एकमेकांना जोडलेली असतात, चिकणमातीची अतिसूक्ष्म असतात. समुद्राखालीही हेच घडते. चिखल वेगाने साचला की त्यातील पाण्याला निसटायला वाट मिळत नाही आणि वरच्या थरांचे वजन त्या पाण्यावर येऊन दाब वाढतो. वाळूची घळ उतरती असेल, तर तिच्या खोल टोकाला, जाड थरांखाली निर्माण झालेला हा जादा दाब सलग वाळूतून वरच्या टोकापर्यंत पोहोचतो. तेथे मात्र डोक्यावरचा चिखल पातळ असतो. खोलवर सहज पेललेला तोच दाब येथे त्या चिखलाच्या वजनाला भारी ठरतो आणि थर फुटतो. पाण्याबरोबर, अनेकदा जिवाणूंनी तयार केलेल्या मिथेनबरोबर, बारीक गाळ उसळतो, सागरी प्रवाह तो वाहून नेतात आणि खळगा उरतो.

अशाच वायूने बर्म्युडा त्रिकोणात जहाजे गिळली, ही कथा मोठ्या आवडीने पसरवली जाते. तिला पुरावा नाही. प्रत्येक खळग्याखाली वायू असतोच, असेही नाही. कॅलिफोर्नियाच्या बिग सरपुढील ५,००० हून अधिक खळग्यांजवळ मिथेनच्या खुणा मिळाल्या नाहीत. ते गाळाच्या प्रवाहांनी टिकवून ठेवले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे.

आपल्या वर्धा-वैनगंगेचा गाळही प्राणहितेतून गोदावरीत आणि तेथून बंगालच्या उपसागरात जातो. तेथील कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रतळाखाली २००६ च्या मोहिमेत, चिकणमातीच्या भेगांत मिथेन हायड्रेट, म्हणजे पाणी आणि मिथेन मिळून गोठलेला बर्फासारखा पदार्थ, सापडले.