कमरेतील भूल: स्पायनल आणि एपिड्युरल

या दोन्ही प्रकारांत रुग्णाला पाठ वाकवून, हनुवटी छातीला टेकवून बसवतात आणि कमरेच्या मणक्यांमधील फटीतून सुई घालतात, त्यामुळे नातेवाइकांना दोन्ही एकच वाटतात. खरा फरक सुई कोठे थांबते यात आहे. स्पायनलची अगदी बारीक सुई मज्जारज्जूभोवतीचे आवरण भेदून आतील द्रवापर्यंत जाते आणि तेथे साधारण 2 ते 3 मिलिलिटर औषध सोडले जाते. एपिड्युरलची सुई बरीच जाड असते, पण ती आवरणाच्या अलीकडेच थांबवतात. तिच्यातून एक बारीक नळी आत सरकवून सुई काढून घेतात आणि नळी पाठीवर चिकटपट्टीने बसवतात.

स्पायनलमध्ये काही मिनिटांतच पाय गरम व जड होतात, स्पिरिटचा बोळा फिरवला तरी गार लागत नाही आणि हा परिणाम बहुधा दोन-तीन तास टिकतो. सिझेरियनला सहसा हीच भूल देतात. पोटावर ओढल्या-दाबल्यासारखे जाणवते, दुखत मात्र नाही. एपिड्युरलला 15 ते 20 मिनिटे लागतात, पण नळीतून औषध पुन्हा पुन्हा देता येत असल्याने प्रसूतिकळा तासन्‌तास सुसह्य ठेवता येतात आणि ऐनवेळी सिझेरियन करावे लागले, तर बहुतेक वेळा तीच नळी उपयोगी पडते.

‘सुई मज्जारज्जूला लागली तर?’ ही भीती स्वाभाविक आहे. प्रौढांमध्ये मज्जारज्जू सहसा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि स्पायनलची सुई त्याच्या खाली घालतात. कायमची इजा अत्यंत विरळ आहे.

बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीचे खापर मात्र वर्षानुवर्षे या इंजेक्शनवर फुटते. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो. दीर्घकाळच्या कंबरदुखीशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. हा गैरसमज बाईचेच नुकसान करतो, कारण त्यामुळे दुखण्याचे खरे कारण शोधायचे राहून जाते.

डोकेदुखीची तक्रार मात्र खरी असू शकते. स्पायनलच्या बारीक छिद्रातून द्रव झिरपल्याने ती कधीकधी होते. एपिड्युरलमध्ये जाड सुईने चुकून आवरण भेदले गेले, तर तिची शक्यता पुष्कळ वाढते. बसल्यावर वाढणारी आणि आडवे होताच कमी होणारी डोकेदुखी अंगावर काढू नये, भूलतज्ज्ञांना कळवावी. विश्रांती व वेदनाशामकांनी ती थांबली नाही, तर रुग्णाच्याच हातातून काढलेले थोडे रक्त त्या जागी सोडून गळती बंद करतात.