दिसणं आणि मोजणं

सापेक्षतावाद सामान्य वाचकाला समजावा म्हणून आइन्स्टाइनने 1917 साली जर्मनमध्ये स्वतःच एक छोटं पुस्तक काढलं. प्रस्तावनेत त्याची अपेक्षा स्पष्ट आहे: वाचकाचं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं असावं आणि अंगी चिकाटी असावी. ही चिकाटी नेमकी कशासाठी लागते, ते विजांच्या प्रकरणाशी आल्यावर कळतं.

एक लांबलचक आगगाडी एकसारख्या वेगाने धावते आहे. रुळांवर पुढे एक आणि मागे एक, अशा दोन ठिकाणी वीज पडते. रुळांच्या कडेला, दोन्ही जागांच्या बरोबर मधोमध उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही लखलखाट एकदमच दिसतात. विजा पडल्या तेव्हा त्याच्या अगदी समोर असलेली गाडीतली प्रवासी मात्र पुढच्या विजेच्या दिशेने चालली आहे. त्यामुळे पुढचा प्रकाश तिला आधी गाठतो, मागचा नंतर.

इथवर सगळं पटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. ‘विजा एकदमच पडल्या, तिला फक्त मागेपुढे दिसल्या’ असं समजून आपण पान उलटतो. मी कितीतरी दिवस हेच समजून चाललो होतो. पण प्रकाशाला यायला लागलेला वेळ तिलाही वजा करता येतो की! समजा, विजांनी गाडीवरही दोन काळे डाग पाडले. ती टेप घेऊन मोजते. दोन्ही डाग तिच्यापासून सारख्याच अंतरावर. प्रकाशाचा वेग तिच्या मोजणीतही दोन्हीकडून तोच, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर; हे या सिद्धांताचं मूळ गृहीतकच आहे. अंतर सारखं, वेग सारखा, म्हणजे वाटेत लागलेला वेळही सारखाच. तरीही प्रकाश मागेपुढे पोचला. तेव्हा तिच्या हिशेबाने पुढची वीज खरोखरच आधी पडली. आणि खाली उभ्या असलेल्या माणसाचा हिशेबही तितकाच बरोबर आहे. ‘एकाच वेळी’ म्हणजे कोणाच्या घड्याळाने, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दांना अर्थ नाही. सापेक्षतावादाचा गाभा मला इथे दिसतो. ही पायरी गाळली की पुढचं सगळं नुसतं चमत्कारिक वाटत राहतं.

यापुढे हातात पेन्सिल हवीच. चौकटीच्या वहीत 4 चौकोन उभी रेघ काढा; एक चौकोन म्हणजे प्रकाश एका सेकंदात जातो तेवढं अंतर समजा. धावत्या डब्यातल्या घड्याळात प्रकाशाचा किरण खालून वर जातो, तो हा मार्ग; असा एक फेरा म्हणजे घड्याळाचा एक ठोका. तेवढ्यात डबा 3 चौकोन पुढे सरकला, तर बाहेरून पाहणाऱ्याला किरण तिरका गेलेला दिसेल. त्या तिरक्या रेघेची लांबी पायथागोरसच्या नियमाने 5 चौकोन. प्रकाशाचा वेग दोघांनाही सारखाच, म्हणजे ज्या ठोक्याला डब्यात 4 सेकंद लागले, त्याला बाहेरच्या घड्याळाने 5 लागले. डब्याचा वेग प्रकाशाच्या तीन पंचमांश. आठवी-नववीच्या भूमितीतून काळ मंदावताना स्वतःच्या वहीत दिसतो. पुस्तकातली आकृती दहादा पाहून जे होत नाही, ते ही रेघ एकदा स्वतः ओढल्यावर होतं.

हे कागदापुरतं नाही. वातावरणात उंचावर तयार होणारे म्युऑन नावाचे कण सरासरी 2.2 मायक्रोसेकंदच, म्हणजे सेकंदाचे जेमतेम दोन दशलक्षांश, टिकतात. फ्रिश आणि स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांनी 1963 साली अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन या डोंगराच्या माथ्यावर तासाला सुमारे 560 म्युऑन मोजले. तिथून समुद्रसपाटीपर्यंत येताना त्यांतले जेमतेम तीसेक उरायला हवे होते. प्रत्यक्षात खाली मोजले गेले 400हून अधिक. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा सावकाश चाललं होतं.

दिसणं आणि मोजणं यांतली गल्लत मोठमोठ्यांचीही झाली आहे. जॉर्ज गॅमॉव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने मिस्टर टॉम्पकिन्स नावाच्या बँकेतल्या कारकुनाला स्वप्नात अशा शहरात पाठवलं, जिथे प्रकाश अगदी हळू चालतो. तिथे समोरून जाणारा सायकलस्वार त्याला चपटा झालेला दिसतो. मला ही गोष्ट अतिशय आवडते. ती वाचून पुष्कळांना या विषयाची गोडी लागली असेल. चूक आहे ती ‘दिसतो’ या शब्दात. धावत्या वस्तूची लांबी मोजायची, तर तिची दोन्ही टोकं एकाच वेळी कुठे होती हे टिपावं लागतं. इथे पुन्हा ‘एकाच वेळी’ आलं, आणि ती लांबी खरोखर कमी भरते. डोळ्याचं तसं नसतं. एकाच क्षणी डोळ्यात शिरलेले किरण वस्तूच्या जवळच्या भागातून नुकते निघालेले असतात, लांबच्या भागातून थोडे आधी. रॉजर पेनरोझ आणि जेम्स टेरेल या शास्त्रज्ञांनी 1959 साली आपापल्या परीने हा हिशेब मांडला. भरधाव जाणारी छोटी वस्तू चपटी दिसण्याऐवजी जराशी वळल्यासारखी दिसते. त्या स्वप्नातल्या रस्त्यावरून एखादा चेंडू सायकलच्याच वेगाने गेला असता, तर मोजणीत तो चपटा भरला असता. टॉम्पकिन्सच्या डोळ्यांना मात्र त्याची कड गोलच दिसली असती.