एका बीजातून उगवणारं रणांगण

दौलताबादचा किल्ला चढताना खंदक ओलांडला की अंधारी लागते. खडकात कोरलेला, वळणं घेत वर जाणारा काळोखा मार्ग. आतल्या शिबंदीला त्यातलं प्रत्येक वळण पाठ, बाहेरून आलेल्याला पुढच्या पावलाचाही भरवसा नाही. रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे न थांबणाऱ्या वेळेत फौज लढवायच्या गेममध्ये मुरलेला खेळाडू त्या शिबंदीसारखा असतो. सोनं कुठे, चिंचोळी वाट कुठे, शत्रू कुठून येणार, हे त्याला शंभर डावांनंतर तोंडपाठ झालेलं असतं. रोगलाइक गेम त्याच्याकडून नेमकं हेच पाठांतर काढून घेतो आणि दर डावाला नवी अंधारी पुढ्यात टाकतो.

रोगलाइक म्हणजे ‘रोग’ नावाच्या गेमसारखा गेम. नावातल्या ‘रोग’चा आजाराशी संबंध नाही, इंग्रजीत तो शब्द भामट्यासाठी आहे. १९८० सालच्या ‘रोग’ या गेममध्ये तळघराचा नकाशा दरवेळी नवा बनायचा आणि खेळाडू मेला की पहिल्यापासून सुरुवात. दुबार पेरणीत मागचं बियाणं परत मिळत नाही, हाती फक्त अनुभव उरतो, तसं. दुसरीकडे १९९२ च्या ‘ड्यून २’ने रिअल-टाइम स्ट्रॅटेजीचा साचा पक्का केला: साधनं गोळा करा, इमारती बांधा, फौज उभारा, आणि हे सगळं घड्याळ चालू असताना.

या दोन प्रकारांचा मेळ घालायला गेलं की पहिलं भांडण वेळेवरून होतं. २००८ साली बर्लिनमध्ये रोगलाइक बनवणाऱ्यांच्या परिषदेत या प्रकाराची लक्षणं लिहून काढली गेली, त्यांत रोगलाइकमध्ये आळीपाळीने खेळणं हे एक होतं. अनोळखी जागेत विचाराला उसंत हवी, म्हणून. २०१२ च्या ‘एफटीएल’ या अंतराळयानाच्या गेमने यावर साधा उपाय केला. लढाई अखंड चालते, पण स्पेसबार दाबला की काळ थांबतो. मग हुकूम द्यायचे आणि पुन्हा चालू करायचं. ‘बॅड नॉर्थ’ या बेटं राखायच्या गेममध्ये (२०१८) तुकडी निवडली की काळ मंदावतो. आमच्या मते हे दोन उपाय नसते तर हा मिश्र प्रकार रुजलाच नसता.

दुसरा प्रश्न नकाशाचा, आणि खरं विज्ञान इथे आहे. संगणक ‘यादृच्छिक’ आकडे देतो म्हणजे एका सूत्रातून आकड्यांची माळ ओवतो. सुरुवातीच्या आकड्याला सीड म्हणतात, म्हणजे बीजच. कागदावर करून बघा: आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या, आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करा. ७ पासून निघालात तर ६, १, ८, ११, १०, ५, १२… अशी माळ येते आणि सोळा पावलांनी परत ७. बीज तेच असेल तर माळ तीच, म्हणून नकाशाही तोच. लातूरच्या मुलाने नांदेडच्या मैत्रिणीला फक्त बीजाचा आकडा कळवला, तरी गेमची आवृत्ती सारखी असेल तर दोघांना तंतोतंत एकच रणांगण मिळतं.

या माळेत एक खोट आहे. आकडे आळीपाळीने विषम-सम येतात. विषम म्हणजे भिंत आणि सम म्हणजे मोकळी जागा असं धरून १२ घरांच्या ओळी भरल्या, तर तिफणीने पेरल्यासारखे सरळ उभे पट्टे दिसतात. नवशिक्यांचे नकाशे बिघडतात ते बहुधा अशाच कच्च्या सूत्रामुळे.

गुहांचा नकाशा करायची सोपी रीत आलेखाच्या कागदावरही जमते. १२ बाय १२ घरं आखा. २० चिठ्ठ्यांपैकी ९ वर ‘भिंत’ लिहा. दर घरासाठी एक चिठ्ठी काढा, तिच्यावर ‘भिंत’ असेल तर घर काळं करा आणि चिठ्ठी परत डब्यात टाका. म्हणजे साधारण ४५ टक्के घरं भिंतीची होतात. मग प्रत्येक घर आणि त्याचे आठ शेजारी मोजा: नऊपैकी पाच किंवा जास्त भिंती असतील तर ते घर भिंत, नाहीतर मोकळं. कागदाबाहेरची जागा भिंतच धरायची. निकाल मात्र दुसऱ्या कागदावर उतरवा. त्याच कागदावर खोडाखोड केली तर बदललेली घरं पुढच्या मोजणीत शिरतात आणि गुहा एका बाजूला कलते. दोन-तीन फेऱ्यांत विखुरलेल्या ठिपक्यांच्या जागी दालनं दिसू लागतात.

आता तपासणी. आपल्या तळाच्या घरात पाणी ओतलं असं समजा आणि ते शेजारच्या मोकळ्या घरांत पसरू द्या. जिथे पाणी पोचलं नाही ते दालन बंद आहे. तळघरात एकटा फिरणारा वीर अशा दालनावाचून अडत नाही, पण फौजेच्या खेळात तिथे सोन्याची खाण पडली तर डाव सुरू होण्याआधीच हरलेला असतो. म्हणून एकतर बोगदा पाडायचा किंवा ते दालन बुजवायचं. वाटेची रुंदीही मोजावी लागते: एक घराच्या फटीतून शिपाई जाईल, तीन घरं रुंद रणगाडा अडकेल आणि मागची रांग तुंबेल. शेवटी तळापासून जवळच्या खाणीपर्यंतची पावलं मोजायची, ती ठरवलेल्या मर्यादेबाहेर असली तर बीज टाकून नवं घ्यायचं. खेळाडूला जे नशीब वाटतं ते असं चाळणीतून गाळून आलेलं असतं. ही चाळणी नसलेला गेम कठीण नसतो, अन्यायी असतो.

फौजेला वाट दाखवायला १९६८ साली स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत निघालेली ‘ए-स्टार’ पद्धत आजही चालते. पण दोनशे शिपाई एकाच ठिकाणी निघाले की प्रत्येकाची वाट वेगळी शोधणं जड जातं. त्याऐवजी लक्ष्याच्या घरात ० लिहायचा, शेजारी १, त्यापुढे २, असं सगळं रान एकदाच भरायचं. मग प्रत्येक शिपाई शेजारच्या लहान आकड्याकडे सरकतो, पाणी उताराला लागावं तसा.

एक चूक अनुभवी हातांकडूनही होते: नकाशा आणि लढाई एकाच माळेतून आकडे घेतात. मग कुणी एक बाण जास्त मारला की पुढच्या बेटाचा नकाशाच बदलतो आणि मैत्रिणीला कळवलेलं बीज फुकट जातं. दोन्हींना वेगळी माळ हवी.

तटामागे बसून राहण्याची सवयही मोडावी लागते. ‘एफटीएल’मध्ये बंडखोरांचं आरमार सतत पाठलागावर असतं, रेंगाळलात तर गाठतं.

डाव साठवायला एकच सेव्ह फाइल ठेवणाऱ्या अशा गेममध्ये, लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि कित्येक तासांचा डाव जातो. आपल्याकडे भारनियमन नवं नाही, तेव्हा गेम बनवणाऱ्याने आधी तात्पुरत्या फाइलमध्ये सगळं लिहावं, ते डिस्कवर पोचल्याची खात्री करावी आणि मगच तिला जुन्या फाइलचं नाव द्यावं. वीज कधीही गेली तरी जुनी किंवा नवी, एक फाइल धड राहते.